सालीवरचा दोन

देओलिंदा फाल्कातूला गावात ‘आभाळवाली’ म्हणत. वाल दि झिम्ब्रूत टोपणनावावाचून माणूस मरतसुद्धा नाही, आणि तिचं हे नाव काही शाबासकी म्हणून पडलेलं नव्हतं. एव्होरा शहरातल्या सरकारी कचेरीत बसून ती उपग्रहाने टिपलेली जंगलांची चित्रं वाचायची. कुठलं रान उन्हाने वाळतंय, कुठलं तगलंय ते सांगायची. पोरगी एवढी शिकली, आणि शेवटी झाडं बघायला आभाळात जाऊन बसली, असं गाव हसायचं.

हसणाऱ्यांचं काय जातं? लहानपणी हीच देओलिंदा साल काढणाऱ्या गड्यांना पाणी देत बापाच्या बनात हिंडली होती. बाटलीला बूच लागतं ते आमच्या ओकांच्या सालीचं. उन्हाळ्यात कुऱ्हाडीने ती जाड साल अलगद उतरवायची, आतल्या अंगाला धक्का न लावता, आणि उघड्या खोडावर पांढऱ्या रंगात त्या वर्षाचा शेवटचा आकडा काढायचा. मग नऊ वर्षं त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. कायदाही तेच सांगतो, पण आमच्याकडे कायद्याहून आकड्याला मान जास्त.

बापाच्या बनावर तीन होता, म्हणजे दोन हजार तेराचा. यंदा बावीस, साल काढायचं वर्ष. पण हिवाळा कोरडा गेला, वसंतही कोरडाच, आणि देओलिंदाच्या पडद्यावर बापाचं बन महिन्यामहिन्याने विटक्या रंगाचं होत चाललं. अशा तहानलेल्या झाडाची साल ओढली तर ते पुढचा उन्हाळा बघेल याची खात्री नाही. बनात अर्धा वाटा तिचा होता, पण कारभार बापाने मरताना धाकट्या भावाकडे, एर्मीन्यूकडे सोपवलेला. त्याने तिला न विचारताच साल काढणाऱ्या टोळीच्या मिस्त्रीला, म्हाताऱ्या आदेलीनूला, शब्द देऊन टाकला.

जेवणाच्या टेबलावर तिने चित्रं मांडली. एर्मीन्यूने त्यांच्यावरच पाव ठेवला.

“ताई, उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिलेत मी. तू थेट उपग्रहावरून हाकतेस!”

“चेष्टा नको. यंदा थांब. एक पाऊस पडू दे.”

“अगं, खिडकीतून बघ की! बन हिरवंगार आहे.”

“हिरवं आहे. गार नाही. तहानलेल्या पानाचा रंग जायच्या आधी त्याची एक चमक जाते. ती तुला-मला दिसत नाही, वरून दिसते.”

“वरून बापाची कबरही दिसत असेल. त्याला विचार, नववं वर्ष त्याने कधी चुकवलं होतं का?”

हे मात्र तिला झोंबलं. ती उठली, चित्रं गोळा केली आणि पावाचे कण झटकून पिशवीत घातली. समजावून सांगायचे दिवस संपले, हे तिला त्याच क्षणी कळलं.

संत जुवाँवची जत्रा झाली. भाजलेले तारली मासे आणि वाइन पोटात घेऊन दुसऱ्या दिवशी गाव घोरत पडलं, तेव्हा देओलिंदा पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन बनात शिरली. साठीला टेकलेली बाई, डोक्यावर बापाची टोपी. सूर्य चढला, पाठ मोडली, टोपीतून घाम गळला. प्रत्येक खोडावर, जुन्या सालीवरच, तिने भलामोठा दोन काढला. यंदाचा आकडा. खोटं होतं, धडधडीत खोटं, आणि तिला त्याची कणभरही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आली. गडी आधी थबकले आणि मग पोट धरून हसले.

“आभाळवालीला ऊन लागलं वाटतं!”

आदेलीनू मिस्त्री मात्र हसला नाही. त्याने कुऱ्हाड जमिनीवर टेकली.

“मी नाही लावायचा हात.”

“अहो मिस्त्री, साल दिसतेय ना अंगावर? आकडा खोटा आहे!” एर्मीन्यू ओरडला.

“असेल. पण यंदाचा आकडा आहे. आज मी दोन पाहून कुऱ्हाड घातली, तर उद्या माझ्या आकड्याला कोण मानेल? बहीणभावाचं भांडण घरात मिटवा, मला आता नऊ वर्षांनी बोलवा.” आणि तो टोळी घेऊन चालता झाला.

एर्मीन्यू मागे येऊन उभ्या राहिलेल्या बहिणीकडे वळला.

“कळतंय का काय केलंस? एका वर्षासाठी म्हणत होतीस, नऊ वर्षं कोंडून ठेवलंस बन! तुझा वाटाही त्यातच आहे.”

“ठाऊक आहे. नऊ तर नऊ.”

“तोवर तू तरी असशील का?”

“मी नसले तर तू बघ. पण बघायला झाडं हवीत.”

तेवढ्यात त्याचं लक्ष विहिरीजवळच्या ओकाकडे गेलं. बापाने दोघांना ज्याच्या फांदीला झोका बांधून दिला होता, तो. त्याच्यावर दोन नव्हता. आदल्या दिवशी तिथे पोचेपर्यंत तिचा रंग संपला होता. एर्मीन्यूने गाडीतून स्वतःची कुऱ्हाड काढली आणि तडक तिकडे निघाला.

देओलिंदा त्याच्याआधी पोचली. तिने तिथेच टाकलेल्या रिकाम्या डब्यात हात घातला, तळाला चिकटलेला चिखलासारखा रंग बोटांनी खरवडला, आणि त्याची उगारलेली कुऱ्हाड डोक्यावर असतानाच खोडावर वेडावाकडा दोन ओढला.

“हा तुझ्या उपग्रहाला दिसतो का गं वरून?” तो दातओठ खात म्हणाला.

“नाही दिसत,” ती म्हणाली. “तो तुझ्यासाठी काढलाय.”

कुऱ्हाड थोडा वेळ तशीच वर राहिली. मग एर्मीन्यूने ती खाली घेतली.