तार्हेलियाचे रबरी बूट

डोंगरावरच्या आमच्या लोमा गावात म्हाताऱ्यांच्या पायांची नखं कोण कापतं असं विचारलंत, तर शेंबडं पोरही तार्हेलियाचं घर दाखवेल. तिचा नवरा घोड्यांना नाल मारायचा. तो गेला, त्याची खूर कापायची पकड मागे राहिली. तार्हेलिया म्हणाली, "आपल्या देल्फीनच्या अंगठ्याच्या नखाला हिच्याशिवाय दुसरं काही चालायचं नाही," आणि कामाला लागली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. दर शनिवारी ती पत्र्याचं घमेलं, कपड्याच्या साबणाची निळी वडी आणि ती पकड घेऊन निघते. ज्यांना वाकता येत नाही, ज्यांच्या सुना नाक मुरडतात, त्यांचे पाय मांडीवर घेते, भिजवते, घासते, कापते. वर तोंडाचा पट्टा चालूच.

"अबेलार्दो, ह्या भेगेत बटाटा लावलास तर उगवेल बघ."

मी एकदा विचारलं, "तुला किळस येत नाही गं?"

"प्रभू येशूने बारा जणांचे पाय धुतले, त्यातला एक तर दगाबाज. माझ्याकडचे निदान नुसते घाणेरडे आहेत."

पण तिच्यासाठी कुणी काही केलेलं तिला मुळीच खपत नाही. चढावर हात द्यायला जा, हात झटकते. आजारी असताना मी सूप घेऊन गेले, तर अंथरुणातून उठून मलाच वाढलं.

दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा धरला. दुसऱ्याचा पाय मांडीवर घेता येतो, स्वतःच्या पायापर्यंत हात पोचत नाही. झालं, तेव्हापासून पाय रबरी बुटांत कोंडलेले. उजव्या अंगठ्याचं नख वाढून मांसात शिरलं. दवाखान्यातल्या नर्सला तिने ते लांबूनच दाखवलं, हात लावू दिला नाही. नर्स म्हणाली, "महिनाभरात कुणाकडून तरी काढून घ्या, नाहीतर बोटच काढायची पाळी येईल." मी सोबत होते म्हणून मला कळलं.

"मी काढते," मी म्हटलं.

"तू? ऑफेलिया, तुला कोंबडीची पिसं धड उपटता येत नाहीत." मग म्हणाली, "माझे पाय कुणी बघायचे नाहीत. विषय संपला."

नर्सने दिलेल्या महिन्यातले नऊ दिवस उरले आणि ईस्टरआधीचा पवित्र गुरुवार आला.

त्या दिवशी देवळात फादर बारा म्हाताऱ्यांना येशूचे बारा प्रेषित मानून त्यांचे पाय धुतात. आता, मळके पाय फादरपुढे करायचे म्हणजे गावाची अब्रू जायची. म्हणून आदल्या दिवशी तार्हेलिया बाराही जणांचे पाय लख्ख करून ठेवते. जुन्या फादरांनी इतकी वर्षं धुतलेलेच पाय धुतले. त्यांच्या नाकाला वास येत नसे, त्यामुळे सगळं झाकून गेलं. या वर्षी नवे आले, फादर एलिएसेर. किनाऱ्याकडचा तरणा माणूस, आमच्या थंडीत कुडकुडणारा, पण नाक तिखट.

तिसऱ्या प्रेषिताच्या पायाशी ते थांबले. वास घेतला. मागे सरकून पहिल्या दोघांचा घेतला.

"तुम्हा सगळ्यांच्या पायांना एकच वास कसा?"

"निळ्या साबणाचा, फादर," देल्फीन म्हणाला. एक्याऐंशी वर्षांचा आहे, पण खोटं बोलायला अजून शिकला नाही. "कालच धुतलेत."

"कुणी?"

बारा माना एकदम तार्हेलियाकडे वळल्या.

फादर हसायला लागले. "म्हणजे मी घासलेली भांडी घासतोय! मावशी, इकडे या. पाय तुमचे धुवायला हवेत."

देल्फीनने उठून आपली खुर्ची मोकळी केली. तार्हेलिया जागची हलली नाही.

"माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. आज नाही, कधीच नाही."

"पेत्रसुद्धा प्रभूला असंच म्हणाला होता. शेवटी त्यालाही पाय पुढे करावे लागले, आठवतं ना?"

"आठवतं. पण पेत्राच्या पायांत रबरी बूट नव्हते."

देऊळ हसलं. मला हसू आलं नाही. मी उभी राहिले आणि बोलू नये ते बोलले. "फादर, तिच्या पायाचं बोट जायला आलंय आणि ती कुणाला हात लावू देत नाही."

"ऑफेलिया! देव बघून घेईल तुला."

"बघू दे की. तुझे पायही बघू दे."

देल्फीन खुर्चीच्या पाठीला धरून उभाच होता. म्हणाला, "तार्हेलिया, पहिल्या शनिवारी मी तुझ्यापुढे पाय टाकला तेव्हा मला लाज वाटली नसेल? रात्रभर झोपलो नव्हतो मी. तरी टाकला. आता तू टाक."

 ती पुटपुटत, लंगडत गेली आणि त्या खुर्चीत बसली.

बूट निघेना. फादरनी ओढला, दोन प्रेषितांनी तिला मागून धरलं. निघाला तो असा, की फादर थेट पाय धुवायच्या घमेल्यात बसले. आतला नवऱ्याचा जुना मोजा उतरला. मी एवढंच सांगते, दिसायला चांगलं नव्हतं.

फादर ओल्या झग्यानिशी गुडघ्यांवर आले. "कापायला काही आहे?"

"पिशवीत पकड आहे." पकड टेकली मात्र, आणि ती फादरना अरे-तुरे करू लागली. "आडवी कसली धरतोस? घोडी आहे का मी? आधी भिजू दे. घाई कसली तुला, ईस्टर रविवारी आहे! आता कोपऱ्यातून. हळू!"

गाणाऱ्यांनी एकच गीत चार वेळा म्हटलं. घरोघरी चुलीवरची सणाची आमटी, बारा दाण्यांची फानेस्का, शिजून लगदा झाली. पण नखाचा तो कोपरा निघाला. फादरनी तो हातावर घेऊन बघितला, तेव्हा ती ओरडली, "टाक तो, दाखवायची वस्तू आहे का?"

बोट वाचलं. फादर म्हणाले, दर महिन्याला येतो. ती म्हणाली, "नको. देवळातली मिस्सा चांगली करतोस, तेवढीच कर."

पुढच्या शनिवारी सगळ्यांचं आटोपून ती माझ्या दारात आली. बसली, पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी कापायला लागले. तीनदा "तसं नको" म्हणाली. चौथ्यांदा तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मग दुसरा पाय पुढे केला.