आईच्या हातचं धुणं

माझा थोरला भाऊ घरोघरी ढेकूण-झुरळांवर औषध फवारतो. आम्ही त्याला दादा म्हणतो, गिऱ्हाइकं औषधवाला म्हणतात. विषाला औषध म्हणायची आपली जुनी खोड, त्याला तो बिचारा काय करणार.

राहायला मालकाच्या गोदामावरची एक खोली. नोकरी आहे तोवर खोली, सोडली की सामान रस्त्यावर. खोलीला एकच खिडकी, तीही खालून वास येतो म्हणून खिळे ठोकून बंद केलेली. तिथे आई, दादा आणि मी राहतो, आणि मालकाला वाटतं तो आमच्यावर उपकार करतोय.

दादाला समजावून सांगायची भारी हौस. हे औषध मारतं कसं, असं कुणी विचारलं की तो त्यांच्याच दाराच्या घंटीवर बोट ठेवायचा आणि उचलायचाच नाही. नस स्नायूला 'आवळ' असा निरोप देते. निरोप पोचला की तो पुसून टाकणारं काहीतरी शरीरातच असतं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच जखडून ठेवतं. मग घंटी वाजतच राहते आणि झुरळ उताणं पडून पाय झाडत मरतं. माणसाचंही तसंच, फक्त मात्रा जास्त लागते. घरातले लोक कानांवर हात ठेवून 'कळलं, कळलं' म्हणेपर्यंत याचं बोट हलत नसे.

जपायचा मात्र कमालीचा. पाण्यात कालवलेली पावडर भिंतीवर बसून राहते, पण तेच विष तेलात विरघळवलं की कातडीतून आत शिरतं, हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. फवारताना हातमोजे, मास्क. घरी आला की अंघोळ केल्याशिवाय आम्हाला शिवायचा नाही. गणवेश तेवढा बादलीत टाकायचा, आणि तो आई उघड्या हातांनी घासघासून धुवायची. लेकाचे कपडे तिने कधी दुसऱ्या कुणाला धुऊ दिले नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या महिन्यात एका वसतिगृहात ढेकणांचं मोठं काम निघालं. रोज तेलातलं औषध आणि पाठीवरचा पंप गळका. हे काम उरकलं की पंप बदलू, असं मालक म्हणाला. सदऱ्याची पाठ रोज भिजून यायची. इकडे आईच्या डोळ्यांना पाणी, तोंडाला लाळ, पोटात मुरडा, सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या दिल्या आणि आम्ही उरलेलं सगळं वयाच्या माथी मारलं.

एका दुपारी मी जिना चढून वर आले, तर दादा बाहेरच्या नळाखाली नुसत्या चड्डीवर अंग घासत होता आणि उघड्या दारातून मोरीत कोसळलेली आई दिसत होती. माझं डोकंच फिरलं. आई पडलीय आणि तुला अंघोळ सुचतेय का, म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

"माझं अंग औषधाने भिजलंय. असाच तिला उचललं तर मीच मारीन तिला," तो म्हणाला. "हातमोजे घाल, तिचे ओले कपडे काढ, भरपूर पाणी ओत. त्या बादलीला शिवू नकोस."

साबण त्याच्या हातातून सारखा निसटत होता. अंधाऱ्या खोलीत माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. आईच्या आवळून मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्या पाहताच त्याला सगळं कळलं होतं, पण तिच्यापासून चार पावलं लांब उभं राहून त्याला आधी स्वतःला धुवावं लागत होतं. तेव्हाचा त्याचा चेहरा मला विसरता येत नाही.

दवाखान्यात त्याने औषधाचं नाव सांगितलं, म्हणून उतारा वेळेवर मिळाला. आई वाचली. मी मालकाशी भांडून आले. त्याने पंप बदलला, गोदामात धुण्यासाठी नळ दिला आणि हे पटत नसेल तर खोली रिकामी करा म्हणाला. इकडे आड, तिकडे विहीर. आता दादा गणवेश खालीच घालतो, खालीच धुतो, खालीच वाळत टाकतो. आई घरी आली त्या दिवशी तो तिला हे समजावत बसला होता, कापडात औषध कसं मुरतं इथपासून. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझं धुणं थांबवलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "तुझं तो गणवेश घालणं कोण थांबवणार?"

ज्याला जगातलं सगळं समजावता येतं, तो दादा दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरून कामाला गेला.

खिडकी बंद, त्यामुळे आईला काही दिसत नाही. रोज गोदामाचं शटर वर जाताना ऐकू येतं तेवढंच. मग थोडा वेळ थांबून, माझ्याकडे न बघता, ती म्हणते, "घातला."