तिरका काप

आमचे हे शिंपी. ओळखीचं गिऱ्हाईक आलं तरी दर वेळी नव्याने माप घेतात, कारण माणूस सांगतो त्याहून जाडच असतो असं यांचं मत. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कुठल्या दुधाने पोळलं ते तीस वर्षांत मला कळलेलं नाही. फुंकणं मात्र रोज ऐकते.

अशा माणसाच्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली ती यांच्या धाकट्या भावामुळे. दोघांचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. कशावरून, ते आता दोघांनाही धड सांगता येत नाही. गेल्या वर्षी भावजी आपण होऊन दारात आले. हातात पाण्याने भरलेली पिशवी, पिशवीत एक दगड आणि दगडावर बोटभर जिवंत प्रवाळ. "माझ्या टाकीतलं आहे, दादा. तुझ्याकडेही वाढू दे." मग टाकी आली, मासे आले आणि भावजी दर रविवारी येऊ लागले. दोघं टाकीसमोर खुर्च्या टाकून बसायचे. हे हसतात कसे तेच मी विसरले होते, ते पुन्हा दिसायला लागलं. माझ्यासाठी त्या टाकीची किंमत तेवढीच होती, आणि ती फार होती.

मग तारामासे निघाले. नखाएवढे, पांढुरके, काचेला चिकटलेले. पहिल्यांदा मला गोडच वाटले. पण एका सकाळी प्रवाळाच्या कडेला चट्टे दिसले, कसर लागलेल्या लोकरीसारखे.

"दगडातून आले असणार," हे म्हणाले. मग जरा थांबून, "की कुणी आणले?"

माशांच्या दुकानदाराने सरळ सांगितलं, "साहेब, हे फुटून फुटून वाढतात. चिमट्याने अख्खेच्या अख्खे उचला आणि बाहेर काढा. नाहीतर एक कोळंबी देतो, ती यांनाच खाऊन जगते." कोळंबीचं नाव निघालं आणि यांचे कान टवकारले. "त्याला कोळंबी खपवायचीय, म्हणून म्हणतो हे फुटतात!" असं म्हणत घरी आले आणि काज कापायची टोकदार कात्री घेऊन टाकीशी बसले. शिंप्याच्या हातात चिमटा कसला? "एकदा कापलं की विषय संपला."

दर शनिवारी बाह्या वर करून हे पाण्यात कात्री घालायचे. एका ताऱ्याचे दोन तुकडे तळाला पडायचे. मासे ते तुकडे खातील असं यांनीच ठरवून टाकलं होतं. रविवारी भावजी यायचे. सोमवारी हे भिंग लावून मोजायचे. अकरा. तेवीस. एक्केचाळीस.

"शनिवारी मी साफ करतो, सोमवारी दुप्पट. मधे घरात कोण येतं?"

"अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच. परका कशाला जळेल? माझं प्रवाळ त्याच्यापेक्षा वाढलं ना! चोराच्या मनात चांदणं. हल्ली माझ्या नजरेला नजर देत नाही तो."

देतील कसे? हे त्यांच्या हातांवर डोळे लावून बसलेले.

आता लाजेची गोष्ट सांगते. संशय सर्दीसारखा असतो, घरात एकाला झाला की दुसऱ्याला होतोच. त्या रविवारी भावजी हात धुवायला गेले आणि मी खुंटीवरच्या त्यांच्या कोटाचे खिसे चाचपले. रुमाल, चष्म्याची डबी, बसचं तिकीट. ओलं काही नव्हतं. तरी मी ते तिकीट उलटून पाहिलं.

भावजी निघाले तेव्हा हे त्यांना म्हणाले, "तुझ्याकडूनच आलीय ही कीड. तू येतोस आणि ही वाढते. काही दिवस येऊ नकोस."

भावजींनी कोट घातला. "बरं, दादा," एवढंच म्हणाले.

तीन रविवार ते आले नाहीत. हे कापत राहिले. आकडा सत्तरच्या वर गेला. आता चोर राहिला कोण? हे माझ्याकडे बघायला लागले! माझं डोकंच फिरलं. मी भिंग हिसकावून घेतलं आणि काचेला डोळा लावला.

एकही तारा धड नव्हता. एका बाजूला दोन जाड हात, दुसऱ्या बाजूला तीन कोवळे कोंब, आणि मधे एक सरळ, तिरकी कड. हे डावखुरे. यांची कात्री नेहमी किंचित कलून जाते. ती कड मी तीस वर्षं कापडावर पाहतेय.

"या, बघा. कुणाचा काप आहे हा?"

यांनी बराच वेळ पाहिलं. मग कात्री टेबलावर ठेवली. "माझा."

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी म्हणाले. यांचा राग आला होता, तसा माझा मलाही आला होता.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं भावजींकडे गेलो. त्यांनी दार उघडलं. दारातूनच त्यांची टाकी दिसत होती. कोरडी. काचेवर मिठाचे पांढरे ओघळ सुकलेले, खाली बादलीत दगड, आणि त्यांच्यावर मेलेलं प्रवाळ.

"भावजी, हे काय केलंत?"

"माझ्याकडूनच गेली ना कीड, वहिनी? मला कधी दिसली नाही, पण दादा म्हणतो म्हणजे असणारच. सगळं काढून टाकलं. म्हटलं, आता तरी दादाकडे जाता येईल."

हे चौकटीला धरून उभे होते. "कीड मी वाढवली," म्हणाले. "एकाचे दोन मीच करत होतो. आणि मला वाटलं, तू मुद्दाम आणून सोडतोस."

भावजींना ते समजायला थोडा वेळ लागला. "मुद्दाम?" ते म्हणाले. "मोजत बसलास, माझ्यावर पाळत ठेवलीस. मला एकदा विचारायचं होतंस ना, दादा."

"विचारलं असतं, तरी तू खरं सांगतोयस असं मला वाटलं नसतं."

हे आयुष्यात पहिल्यांदाच एवढं खरं बोलले असतील. भावजींनी दार लावलं नाही. पण आत या, असंही म्हणाले नाहीत.