निम्म्या पगाराचं आजारपण

आजारी पडण्याची कला ज्याला अजिबात साधली नाही, असा एकच माणूस मी सोलापुरात पाहिला, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आमच्या गिरणीच्या चाळीत बाकी सगळे रीतसर आजारी पडत. उन्हाळ्यात उन्हानं, पावसाळ्यात पाण्यानं, आणि खात्यात नवा जॉबर, म्हणजे मुकादम, आला की त्याच्या धास्तीनं. मी तेव्हा गिरणीच्या दवाखान्यात कंपौंडर होतो, त्यामुळे ही मंडळी माझ्या चांगल्या ओळखीची. शेजारचे मामा मात्र दवाखान्याची पायरी चढलेच, तर दुसऱ्या कुणाला तरी आधार देऊन आणण्यासाठी. उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे हे विणकर औषधाकडे असं बघत, की बाटलीतल्या औषधालाच ओशाळं वाटावं.

सगळी हयात मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय, हे ते विसरूनच गेले होते. मामींच्या कानात त्यांनी एखादं गुपित सांगितलं, की चाळीच्या पार टोकाची म्हातारी त्यावर आपलं मत कळवायची. पोटी मूलबाळ नव्हतं. चालवायला असलेल्या दोन मागांनाच ते 'थोरला' आणि 'धाकटा' म्हणत, आणि घरी आल्यावर मामींना त्यांच्या तक्रारी सांगत. "धाकटा आज लई रडला. सारखा धागा तोडतोय." मामी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "नजर लागली आसंल." सुट्टीच्या दिवशी तर त्यांचा जीव घरात रमत नसे. एकदा भर दुपारी ते बंद गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन पहारेकऱ्याशी चार गोष्टी बोलून आले, आणि सासरी दिलेली लेक सुखात असल्याचं बघून यावं तसे समाधानानं जेवले.

अशा माणसाला एका वर्षी मुदतीचा ताप आला. आला तो असा, की आम्ही सगळेच घाबरलो. तापाच्या भरात मामांचा उजवा हात चादरीवर सारखा पुढे-मागे हलायचा, आणि मामी तो हात आपल्या हातात धरून बसायच्या. "धोटा अडकला गं," ते पुटपुटायचे. "काढलाय मी," मामी सांगायच्या. "चालू द्या आता." आयुष्यात मागाच्या जवळ कधी न गेलेली ती बाई त्या दिवसांत कितीदा तरी आडवं सूत नेणारा तो धोटा सोडवून देत होती.

ताप उतरला, पण माणसाची नुसती चौकट उरली. डॉक्टरांनी निक्षून विश्रांती सांगितली. आमच्या गिरणीत जुन्या कामगारांना आजारपणात निम्मा पगार मिळण्याची सोय होती. आजार खरा आहे, एवढं डॉक्टरांनी म्हणायला हवं. ही बातमी मी मोठ्या उत्साहानं शेजारी नेली, तर मामा उशीवरून उठूनच बसले.

"झोपून पगार? मी काय संस्थानिक हाय?"

"मग चूल कशावर पेटवू?" मामींनी विचारलं. "तुमच्या ऐटीवर?"

तो दिवस आणि पुढची रात्र मामांनी विचारात घालवली आणि सकाळी तोडगा काढला. गिरणी निम्मा पगार देते, तेव्हा आपणही निम्मा दिवस आजारी राहायचं. त्यापेक्षा जास्त आजारी राहिलो तर आपलं नुकसान, कमी राहिलो तर गिरणीची फसवणूक. झालं. सकाळचा भोंगा वाजला की मामा तोंड धुऊन खाटेवर आडवे होत, हनुवटीपर्यंत चादर ओढून घेत आणि आढ्याकडे बघत पडून राहत. कुणी समाचाराला येऊन गमतीचं बोललं तर दटावत, "हसवू नगा, कामावर हाय मी." दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला, की चादर बाजूला करून "सुटलो बाबा!" म्हणत भिंत धरून अंगणात येत.

घात झाला तो असल्याच एका दुपारी. आमच्या समोरच्या विधवा बाईंची बाज पार झोळ झाली होती. मामांनी ती मागून आणली आणि अंगणात फतकल मारून तिची सुंभं नव्यानं विणायला घेतली. त्याच वेळी डॉक्टर स्वतः चाळीत आले. मी त्यांच्या मागे बॅग घेऊन. समोर बघतो तो आमचे रुग्ण तोंडानं गुणगुणत बाज विणताहेत! मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले. "मी तर आजारी माणसाला बघायला आलो होतो."

"सकाळी यायाचं की, सायेब," मामा शांतपणे म्हणाले. "सकाळी असतो मी आजारी." आणि त्यांनी निम्म्या पगाराचा सगळा हिशेब जसाच्या तसा सांगून टाकला. इतक्या खणखणीत आवाजात, की दारादारांतून माणसं डोकावली.

डॉक्टर कडक होते. त्यांच्या कपाळावरची आठी मला दिसत होती. "एवढं काम करता, म्हणजे बरेच झालात. मग उद्यापासून खात्यात जा."

"जातो की! मी पयल्यापासनं तेच म्हनतोय."

"उठा बघू."

मामा उठले नाहीत. "हितंच बरं वाटतंय. ऊन चांगलं हाय," ते म्हणाले. डॉक्टर थांबून राहिले. मग मामांनी बाजेचा खूर धरला, जोर केला आणि परत खाली बसले. दुसऱ्यांदाही तसंच झालं. डॉक्टरांनी आपला हात पुढे केला. तो धरून मामा उभे राहिले तेव्हा ते आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हते.

"आणखी पंधरवडाभर," डॉक्टर हळूच म्हणाले. "आणि आता अख्खा दिवस आजारी राहायचं. माझा हुकूम आहे."

मामांच्या मिशा हलल्या. "मग पगार बी अख्खा द्या की!"

डॉक्टरांना मी आयुष्यात त्या एकाच वेळी हसताना पाहिलं.

मामा कामावर रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या जागी लागलेला बदली कामगार भेटायला आला. करकंबचा, नुकतंच लग्न झालेला गडी. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "दोनी माग नीट ठिवल्यात, मामा. उद्यापासनं तुमी हाय." पुढे काय, हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. बदलीवाल्यानं पुन्हा कुणी रजेवर जाईपर्यंत फाटकापाशी कामाची वाट बघत बसायचं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मामांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "धाकटा तूच ठिव. दोन मागांवर नजर ठिवून मान दुखती माझी. जॉबरला मी सांगतो."

तो गडी पाया पडून गेल्यावर मामींनी विचारलं, "मान कवापासनं दुखती?"

"आजपासनं," मामा म्हणाले. मामींनी दिव्याची वात सारखी केली आणि विषय तिथंच सोडला. एका मागाच्या पगारात घर भागवायचं कसं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढेही कधी विचारलं नाही.

सकाळी मामा निघाले तेव्हा मामीही भाकरीचं फडकं घेऊन बरोबर निघाल्या. "तू कशाला?" म्हणून ते एकदा ओरडले, पण वळणापुढे त्यांनीच मामींच्या खांद्यावर हात ठेवलेला मी मागून पाहिला. फाटकाशी त्यांनी फडकं घेतलं आणि मागे न बघता आत गेले. भोंगा झाला, फाटक लागलं, आत सगळी गिरणी एकदम गर्जायला लागली. मामी जागच्या हलेनात.

"चला मामी," मी म्हणालो. "ऊन चढतंय."

"थांबा की, भाऊ. त्यांचा माग सुरू झाला का, ऐकतीया."

त्या प्रचंड आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही नीट कळत नव्हतं. मामी डोळे मिटून, मान जराशी कलती करून उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा सैल झाला.

"झाला," त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा करून घराकडे वळल्या.