बाप कुणाचा बदलला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिला तर मी पेन्शनपासून पोट बिघडण्यापर्यंत सगळं सांगतो. वर्षानुवर्षं टाळलं. आता अठ्ठ्याहत्तरी आली. अजून किती टाळणार?

नागपूर जिल्ह्यातल्या खाप्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. पण — कसं सांगू? — प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस मला स्वतःलाच कळत नव्हता. ‘सिन्स’ कुठे, ‘फॉर’ कुठे, सगळं अंदाजानं ठोकून द्यायचो. तो धडा जवळ आला की मला दरवर्षी नेमका खोकला व्हायचा.

एका वर्षी खोकला चालला नाही. आठवीतली सुनंदा, विणकराची मुलगी, उठून उभीच राहिली. ‘‘सर, हे तर सोपं आहे. माहा बाप सकाळपासून माग चालवून राहिला. सकाळी सुरू केला, अजून चालूच आहे. असंच ना?’’

असंच होतं! डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि मी काय केलं? ‘‘वर्गात गावठी बोलतेस?’’ म्हणून ओरडलो, तिला बाहेर उभं केलं, दार लोटलं — आणि तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं. फक्त विणकराच्या जागी शेतकरी घातला, मागाच्या जागी वखर.

पुढची वीस वर्षं त्यावर मिरवलो. ‘आपल्या बोलीतून इंग्रजी’ — शाळाशाळांतून व्याख्यानं दिली, शाली घेतल्या. सुनंदानं मात्र माझ्या तासाला पुन्हा कधी हात वर केला नाही. मला दिसत होतं ते. दिसत नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू?

गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्यांनी नागपुरात सत्कार ठेवला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘सर, ते वखरवालं होऊन जाऊ द्या!’’ मी रंगवून सांगितलं. हशा, टाळ्या. दुसऱ्या रांगेत केस पिकलेली सुनंदा — तीही टाळ्या वाजवत होती.

नंतर पाया पडायला आली. हसत, हळूच म्हणाली, ‘‘सर, त्या दिवशी मी दाराशी उभी राहून सारं ऐकून राहिली होती. माहा बाप काहून बदलला जी?’’

मी तिच्याकडे पाहिलं. तोंडातून निघालं, ‘‘आलूबोंडे गरम आहेत, खाऊन जा वं.’’

‘सुनंदा, ते उदाहरण तुझं होतं. मी चोरलं, वर तुलाच बाहेर काढलं. माझं चुकलं’ — हे मी घरी आल्यावर, चपला काढताना म्हणालो.