पोराच्या गाडीला ओवाललं

पेट्रोलचा वास आला का मला पोराची जुनी लाल गाडी आठवते. नवरा गेल्यावर मिठागरात मीठ वाहून मी त्याला वाढवला. त्याला शर्यतीच्या गाड्यांचं येड. कंपनीच्या पगारात, सनाला नवा शर्ट पन न घेता, त्यानं तसली जोरात पलनारी, दुसऱ्यानं वापरलेली चारचाकी गाडी घेतली. घनसोलीला आमच्या दारात आली, तर शेजारीन बोलली, "तू नको ओवालू गो, तुझा नवरा नाय. माझी सून ओवालंल." मी ताट खाली ठेवलं. पोरगा बोलला, "आये, तू नाय ओवाललंस तर गाडी आत्ताच परत नेतो." गाडी एवढी ठेंगनी, का मला कंबरेत वाकून दिवा फिरवावा लागला. शेजारीनच हसली, "गाडी हाय का पाट?" आता गल्लीत कुनाची बी गाडी आली, का ओवालाया मलाच हाक मारतात.