बुडाला लागलेलं सफरचंद

सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या त्या कारागिराला कारखान्यात सगळे मुकादम म्हणायचे. तो कुणावर मुकादमी करत नव्हता. बोलायचाच नाही म्हणून आधी मुका, आणि मुक्याचा पुढे थट्टेथट्टेत मुकादम झाला. कामाच्या वेळी तोंडात बारीक खिळे धरायची सवय होती. खिळे संपले तरी याच्या तोंडाचं दार काही उघडत नाही, असं शेजारचा सुतार म्हणायचा.

घरी तो आणि त्याची मोठी बहीण. अक्का टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्त झाली तरी तिच्या जिभेला काही निवृत्ती मिळाली नाही. जिन्यात कोण भेटलं, दूधवाला काय म्हणाला, खालच्या बाईंची सून कशी तोऱ्यात चालते, सगळं सकाळपासून सुरू. हा पेपर धरून नुसता "हं" म्हणायचा. साठीला टेकलेला माणूस, पण अक्काच्या लेखी तो अजून छोट्याच. स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता. "तू आलास की माझी भांडी घाबरतात," म्हणायची.

एका सकाळी ती त्याच्या पायमोज्यांवरून त्याला झापत होती. बोलता बोलता शब्द अडखळले, मग भलतेच यायला लागले, आणि मग नुसता आवाज. उजवा हात मांडीवरून घसरला. त्याने तिला धरलं, शेजाऱ्यांना हाका मारल्या. त्याला एवढ्या मोठ्यानं ओरडताना इमारतीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

दवाखान्यातून अक्का घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. जीव वाचला होता, समजत सगळं होतं, पण वाचा गेली होती आणि घास गिळताना ठसका लागत होता. त्याने पहिल्याच दिवशी खुर्चीची गादी उसवली आणि उजव्या बाजूला जाड फोम घालून पुन्हा शिवली, म्हणजे ती कलायची नाही. हे त्याला जमण्यासारखं होतं. पुढचं कसं जमायचं, ते कळत नव्हतं.

वाचा-उपचार करणारी बाई घरी यायची. पोरसवदा होती, पण बोलायला ठाम. "पाण्यासारखं पातळ नको, गुठळीही नको," ती म्हणाली. "चमच्यात घेतलं तर ढळता कामा नये. सफरचंद शिजवून त्याचा मऊ गर द्या. आणि काका, त्यांच्याशी बोलत राहा. जे कराल ते बोलत बोलत करा."

"काय बोलू?"

"काहीही. शब्द कानावर पडू देत."

आधी त्याने दुकानातून तयार गराची बाटली आणली. अक्काने एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला डाव्या हाताने बाजूला सारला. मग त्याने सफरचंदं आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा गॅससमोर उभा राहिला. सालं काढताना अर्धं सफरचंद सालीबरोबर गेलं. शिजवून चमच्याने चेचलं, पण एक गुठळी राहिलीच. अक्काला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. ठसका थांबेपर्यंत तो तिची पाठ चोळत राहिला. उरलेला गर त्याने ओतून दिला आणि बराच वेळ नळाखाली भांडं घासत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची ढकलत तिला स्वयंपाकघरात नेलं.

"अक्का, आज तुझ्यासमोर करतो. चुकलो तर बघ माझ्याकडे रागानं, मला कळेल." हे एवढं बोलूनच त्याला दम लागल्यासारखं झालं. पण त्या बाईने सांगितलं होतं, म्हणून तो बोलत राहिला. "हे बघ, साल काढतोय. मधला बियांचा भाग काढला. आता फोडी. तळाला थोडंसं पाणी. दालचिनीचा तुकडा टाकू? बरं, टाकतो. झाकण ठेवलं. आच बारीक केली."

मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. झाकणाखाली फोडी रटरटायला लागल्या. अक्का त्याच्याकडे बघत होती. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"अक्का, एक सांगायचं राहून गेलंय. मी तरुणपणी दुसऱ्या शहरात कामाला होतो ना? माझी नोकरी टिकली नाही म्हणून तू मला जन्मभर चिडवलंस. तिथून मला काढलं नव्हतं. मालक तर थांब म्हणत होता."

तिची नजर हलली नाही.

"आई गेल्यावर तू दर रविवारी फोन करायचीस. तू बोलायचीस आणि मी हं हं करायचो. एका रविवारी तू अशीच बोलत होतीस, हसतही होतीस. पण मधेच थांबलीस. तू कधी थांबत नाहीस गं. पलीकडे नुसतं घड्याळ ऐकू येत होतं. म्हटलं, ही त्या घरात अगदी एकटी पडलीय. फोन ठेवला आणि सामान बांधायला घेतलं. तुला खरं सांगितलं असतं तर तू मला परत पाठवलं असतंस. म्हणून..."

अक्काचे ओठ हलले. घशातून काहीतरी वर येत होतं, अडत होतं.

"ला..." ती म्हणाली. मग सगळा जोर लावून, "लागलं!"

तो स्टुलावरून उठलाच. "लागलं? कुठं लागलं? अक्का, हाताला? मी बोललो ते मनाला लागलं का? मला वाटलं नव्हतं तुला..."

तिने डोकं जोरजोरात हलवलं आणि डावा हात उगारून त्याच्या पाठीमागे दाखवला. "लागलं! लागलं!"

तेव्हा कुठे त्याला वास आला. भांड्यातलं पाणी आटून सफरचंद बुडाला लागलं होतं. त्याने गॅस बंद केला, झाकण उचलताना बोट भाजून घेतलं, आणि वळून बघतो तर अक्काचे खांदे गदगदत होते. ती हसत होती. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, पण हसू तिचंच होतं. तोही हसायला लागला, आणि हसता हसता तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडला. ती त्याच्या डोक्यावर थापटत राहिली.

"अक्का, तू बोललीस," तो म्हणाला. "बोललीस आणि तेसुद्धा माझी चूक काढायला."

पुढे एकेक शब्द येत गेला. "नको" आला, "वेडा" आला. पूर्वीसारखं घडाघडा बोलणं मात्र परत आलं नाही. म्हणून आता संध्याकाळी कामावरून आला की तोच बोलतो. कुठल्या सोफ्याच्या पोटात काय सापडलं, सुतार कुणाशी भांडला, दूधवाल्याच्या मुलीला नोकरी लागली. अक्का ऐकते, आणि त्याने तिखटमीठ लावलं की नेमकं ओळखते.

गर त्याला आता नीट जमतो. चाळणीतून गाळतो, उलथन्याने तळ सोडवत राहतो. परवा चमचा भरून तो तिच्या तोंडाशी नेत होता, तर तिने तो डाव्या हातात घेतला.

"तू..." ती म्हणाली. थांबली, शब्द शोधला. "माझ्यासाठी... आलास."

"हो गं."

तिने स्वतःच्या हाताने चमचा तोंडात घातला. थोडा गर हनुवटीवर ओघळला. पुसायला त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. तिने सावकाश, ठसका न लागता गिळलं आणि वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"अजून," अक्का म्हणाली.